दगडी कट्ट्यावरचं उत्तर

ठमीचं काम लोकांना समजावून सांगायला जरा अवघड होतं. ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून ती बंद पडलेल्या वेबसाइट वाचायची.

"बंद पडल्यात तर वाचतेस कशा?" वहिनी तिला दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची.

ठमी दर वेळी नव्याने सांगायची, की ग्रंथालयाचा एक प्रोग्रॅम गेली पंचवीस वर्षं या वेबसाइटवरून त्या वेबसाइटवर फिरतोय आणि दिसेल त्या पानाची प्रत काढून ठेवतोय. वेबसाइट चालवणारा कंटाळतो, नाहीतर मरतो, नाहीतर भाडं भरायचं विसरतो आणि वेबसाइट जाते. प्रत राहते. पण प्रोग्रॅमला सगळं सापडतंच असं नाही. एखादं पान येतं, पुढचं येत नाही. मजकूर येतो, फोटो येत नाहीत. अशा अर्ध्यामुर्ध्या प्रती लावून, लोक त्या काळी तिथे कसे जमायचे, काय बोलायचे, कोण कोणाचं ऐकायचं, हे शोधून ठमी अहवाल लिहायची.

"म्हणजे मेलेल्यांची दप्तरं," वहिनी म्हणायची.

"साधारण तसंच."

ठमी हे घरातलं नाव. लहानपणी ती हट्टाला पेटली की एका जागी ठाम उभी राहायची, म्हणून दादाने ठेवलेलं. कचेरीत तिला 'जुन्या पानांच्या बाई' म्हणत. लग्न केलं नव्हतं, आणि राहायची दादाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. रोज संध्याकाळी आणि रविवारी दुपारी ती दादाकडे असायची.

दादाने चौदा वर्षं ओटे कापले होते. कारखान्यात दाबून बनवलेल्या दगडाच्या लांबरुंद लाद्या येत. लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन, मापं घेऊन, त्या लाद्या कापायच्या, सिंकची जागा काढायची, नळाचं भोक पाडायचं, कडा घासायच्या. हात इतका बसलेला, की त्याच्या दोन लाद्यांच्या सांध्यात नख जायचं नाही. आता पन्नाशीला टेकला होता आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचा. नाकात नळी, नळी जमिनीवरून सरपटत कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत. फुप्फुसांत दगडाची भुकटी जाऊन बसली होती आणि ती बाहेर काढायचं औषध कोणाकडेच नव्हतं. न्हाणीघरापर्यंत जाऊन आला की दहा मिनिटं बोलता यायचं नाही. त्याला एकटं सोडवत नाही म्हणून वहिनीने घरूनच करायची नोकरी धरली होती. कानाला यंत्र लावून ती एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची. फोनवर साखर पेरायची आणि फोन ठेवला की उरलेल्यांवर मीठ.

एका रविवारी दादा म्हणाला, "ठमे, तुझ्याकडे सगळं जुनं असतं ना? 'दगडी कट्टा' आहे का बघ."

"ते काय?"

"आमची वेबसाइट होती. ओटे कापणाऱ्यांची. एकाने हौसेने काढलेली. संध्याकाळी घरी आलं की सगळे तिथे टेकायचे. कोणाचं पातं तुटलं, कोणाचं गिऱ्हाईक भांडलं. मी 'काटकोन' या नावाने लिहायचो."

ठमीला नवल वाटलं. तेव्हा ती वसतिगृहात होती. दादा संध्याकाळी कुठे टेकायचा हे तिला ठाऊक नव्हतं. शिवाय तिचा त्या वर्षीचा अहवाल नेमका याच विषयावर होता: छोट्या धंद्यांतल्या लोकांचे गप्पांचे फलक. सुतारांचे, घड्याळजींचे, गवंड्यांचे तिने पाहिले होते. ओटेवाल्यांचा हाती लागला नव्हता.

सोमवारी तिने शोधलं. पाच वर्षांत मिळून नऊ प्रती निघाल्या होत्या. राखाडी पान, वर जाड अक्षरांत 'दगडी कट्टा', खाली 'बसा, टेका, बोला'. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. कोपऱ्यात 'सध्या कट्ट्यावर ७ जण', आणि ते सात जण एकोणीस वर्षं तसेच बसलेले.

पुढच्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन गेली. दादाला चष्मा दिला आणि खुर्चीच्या हातावर पाट आडवा ठेवून त्यावर लॅपटॉप मांडला. तो वाचत सुटला. 'लांबटांग्या' नावाच्या एकाने मापं उलटी घेऊन सिंक भिंतीच्या बाजूला कापलं होतं, त्यावर सतरा जणांनी त्याची टोपी उडवली होती. दादाने लिहिलं होतं, 'भांडी शेजाऱ्यांकडून घासून घ्या.' स्वतःचाच विनोद वाचून तो हसला, हसताना खोकला आला, आणि तो खोकला बराच वेळ थांबेना. वहिनीने कानाचं यंत्र बाजूला करून आतून डोकं बाहेर काढलं.

"काही नाही," ठमी म्हणाली. "हसतोय."

"हसायलाही परवानगी घ्यावी लागेल आता," वहिनी म्हणाली, आणि पाणी देऊन गेली.

दम खाली बसल्यावर दादा स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "त्यात एक धागा असेल, एका प्रश्नाखाली सगळ्यांच्या उत्तरांचा. 'ओलं की कोरडं' म्हणून. तो मिळाला का?"

"नाही दिसला अजून. शोधू?"

"शोध. मिळू नये असं वाटतंय मला. पण शोध."

तो मंगळवारी मिळाला. तिसऱ्या प्रतीत, सगळ्या धाग्यांच्या वर, 'महत्त्वाचे' असा शिक्का मारून टांगलेला. प्रश्न 'नवशिक्या' नावाच्या माणसाचा होता. आधी बेकरीत होतो, आता मेहुण्याबरोबर ओट्याचं काम धरलंय, असं त्याने लिहिलं होतं. 'गिऱ्हाइकाच्या घरात भोक पाडताना पाणी लावून कापावं की कोरडं? चिखल फार होतो. अनुभवी मंडळींनी सांगावं.'

'मामा' नावाच्या कोणीतरी दोन शब्दांत उत्तर दिलं होतं: 'पाणी लाव.'

त्याखाली काटकोनचं उत्तर होतं, चांगलं पानभर. पाणी लावलं की फरशीवर राडा होतो, बाईसाहेब चिडतात, वेळ दुप्पट लागतो, आणि रेघ दिसेनाशी होऊन कापणी चुकते. पातं कोणतं घ्यावं, हात कसा धरावा, खिडकी कोणती उघडी ठेवावी, सगळं समजावून सांगितलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'नाकाला रुमाल बांधायचा आणि बिनधास्त कोरडं कापायचं. सहा वर्षं कापतोय, मला काय धाड भरलीये?'

आणि खाली नवशिक्या: 'आभारी आहे काटकोनदादा. आता तुमच्याच पद्धतीने.'

ठमीने ते उत्तर दोनदा वाचलं. ते फार चांगलं लिहिलेलं होतं, आणि तेच वाईट होतं. पाण्याने भुकटी खाली बसते, हे न सांगणाऱ्या मामाच्या दोन शब्दांकडे कोण बघणार.

पुढे तिने जे केलं ती तिची रोजची सवय होती. कुठलं पान कुठून जोडलेलं आहे हे मोजणं हेच तर तिचं काम. नऊही प्रतींत तिने शोधलं. नवा कोणी तोच प्रश्न घेऊन आला की जुने लोक सांगत, 'काटकोनचं उत्तर वाच', आणि लिंक देत. अशा सदतीस लिंक निघाल्या. शेवटच्या प्रतीत त्या धाग्याखाली आकडा होता: वाचकसंख्या २३१८. हा आकडा कुठल्याही अहवालात शोभला असता. छोट्या फलकावर एका माणसाचा शब्द कसा पसरतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा तिच्या हाताला कधी लागला नव्हता. तिने खुर्ची मागे सरकवली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी ती दादाला म्हणाली, "ते पान नाही आलं प्रतीत. जागा रिकामी आहे."

दादाने तिच्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलताना तू लहानपणापासून हाताची बोटं मोडतेस."

ठमीने हात खाली घेतले. मग लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने उत्तर शेवटपर्यंत वाचलं, आणि पहिल्यापासून परत वाचलं. वाचताना ओठ हलत होते.

"किती जणांनी वाचलं?"

"आकडा काही खरा नसतो रे. एकच माणूस दहादा उघडतो."

"किती?"

तिने सांगितलं. सदतीस लिंकांचं सांगितलं नाही.

दादा बराच वेळ नळीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "उंटावरचा शहाणा होतो मी. आणि खाली एवढे लोक उभे." थोड्या वेळाने, "पुसता येईल?"

बुधवारी ती मॅडमकडे गेली. मॅडम विभागाच्या प्रमुख, निवृत्तीला वर्ष उरलेलं, बोलायला मऊ पण नियमाच्या पक्क्या. ठमीने काही लपवलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पुसता येत नाही. वेबसाइटच्या मालकाने मागणी केली तर पान झाकून ठेवतो आपण, पण मालक कुठे आहे?"

"शोधला. पत्ता लागत नाही."

"मग झालं."

"निदान बाजूला एक टीप? हे चूक आहे, असं कापू नका, एवढंच."

"प्रतीला आपण हात लावत नाही. तुम्हाला मी वेगळं काय सांगू? नव्या मुलांना हा नियम तुम्हीच शिकवता." मॅडमनी चष्मा परत घातला. "अहवालात लिहा. टीप द्यायची जागा तीच. आणि खरं सांगू का? ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलंय. आता तिथे कोणी नाही."

कोणी नाही हे ठमीलाही कळत होतं. तरी जागेवर येऊन तिने तो धागा उघडला. तळाशी उत्तर लिहायची चौकट तशीच होती. त्या चौकटीत अक्षरं उमटत, हे तिला माहीत होतं. तिने लिहिलं, 'पाणी लावा. मामांचं ऐका.' आणि 'पाठवा'वर बोट दाबलं. स्क्रीनवर आलं: 'हे पान संग्रहात उपलब्ध नाही.' एवढी शिकलीसवरलेली बाई, आणि हा पोरखेळ करतेय, असं वाटून तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

दादाने आता दुसरंच धरलं. "त्या नवशिक्याचं काय झालं ते बघ."

ठमीला ते बघायचं नव्हतं. पण दादाने दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने नऊ प्रतींतून नवशिक्याचे सगळे संदेश गोळा केले. अकरा निघाले. पहिले प्रश्नांचे, मधले आनंदाचे: स्वतःचं दुकान काढलं, मेहुण्याशी वाटणी झाली, मुलगी झाली. प्रत्येकाखाली दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता. त्या वेबसाइटचं एकच पान प्रतीत आलं होतं. त्यावर फोटोची रिकामी चौकट, खाली 'आमचं पहिलं काम', आणि फोन नंबर.

अकरावा संदेश नवव्या प्रतीत होता. 'काटकोनदादा, तीन आठवडे कोरडा खोकला आहे. डॉक्टर म्हणतात धुळीची अ‍ॅलर्जी असेल. या कामात असं होतं का? तुम्हाला कधी झालं होतं?'

त्याच्या खाली पुढच्या पानाचा बाण होता. ठमीने तो दाबला. पुढचं पान नव्हतं. दहावी प्रत निघालीच नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांत वेबसाइट बंद पडली होती. तिने देशोदेशीच्या दुसऱ्या संग्रहांना विचारून पाहिलं. कोणाकडे नव्हतं.

हे तिने दादाला जसंच्या तसं सांगितलं.

"मी उत्तर दिलं होतं का?" दादाने विचारलं.

"तूच सांग."

त्याने डोळे मिटले. कपाळावर आठ्या आल्या. "दिलं असणार. मला विचारलं आणि मी गप्प बसलो असं व्हायचं नाही. पण काय दिलं?" जरा वेळाने म्हणाला, "ठमे, मला आठवत नाही. मधाच्या काढ्याने जाईल, असलं काहीतरी लिहिलं असेन मी. किंवा तपासून घे म्हणालो असेन. दोन्ही होऊ शकतं." मग तो पुढचं बोलण्याआधी दारापलीकडे वहिनी फोनवर आहे ना, हे त्याने ऐकून घेतलं. "तेव्हा मलाही खोकला होता. वर्षभर होता. हिला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं."

ठमीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शुक्रवारी दुपारी कचेरीत सगळे चहाला गेल्यावर तिने तो नंबर लावला. पंधरा वर्षांपूर्वीचा नंबर. लागणार नाही अशी तिची जवळजवळ खात्री होती. चौथ्या घंटेला एका बाईने उचलला. ठमीने आपण ग्रंथालयातून बोलतोय, जुन्या वेबसाइटवर काम करतोय, असं सांगून विचारलं, "ओट्याचं दुकान होतं ना तुमचं?"

"होतं. बंद झालं. आमचे हे जाऊन आता आठ वर्षं झाली."

"कशाने?" हे विचारायची गरज नव्हती, पण तोंडातून गेलं.

"छातीने. त्या कामात जातात तसे." बाईचा आवाज सरळ होता, बऱ्याचदा सांगून गुळगुळीत झालेला. "कुठली वेबसाइट म्हणालात?"

"दगडी कट्टा."

"अगंबाई, ती? रोज बसायचे हो तिच्यावर. जेवायला बोलावून थकायचे मी. त्यात एक काटकोन म्हणून होते. हे सारखं म्हणायचे, मला धंदा शिकवला तो काटकोनदादांनी. कधी भेट नाही, पण गुरू मानायचे. आहेत का हो ते?"

"आहेत," ठमी म्हणाली. "आजारी असतात."

"त्यांनाही तेच?"

"हो."

"अरेरे. त्यांना सांगा, हे आठवण काढायचे त्यांची. शेवटीसुद्धा."

काटकोनच्या त्या उत्तराचं सांगायचं असेल तर ते आत्ताच, हे ठमीला कळत होतं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात बाई म्हणाली, "यांच्या दुकानाच्या वेबसाइटवर पहिल्या ओट्याचा फोटो होता. हे बाजूला उभे होते, धूळ झटकून, केस विंचरून. आमचा कॉम्प्युटर बिघडला त्यात सगळं गेलं. मुलगी तेव्हा लहान, तिला बाप धडधाकट असा आठवतच नाही. तो फोटो असेल का हो तुमच्याकडे?"

"नाही आला तो प्रतीत. फक्त खालची ओळ आलीय."

"कुठली?"

"आमचं पहिलं काम."

बाईने विचारलं, यांनी लिहिलेलं काही असेल तर पाठवाल का? काहीही चालेल, मुलीला वाचायला होईल. ठमी 'पाठवते' म्हणाली, पत्ता लिहून घेतला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी हे सगळं दादाला सांगायला तिला तास लागला, कारण मधेमधे तो 'थांब' म्हणायचा. गुरू मानायचे, या ठिकाणी तो सर्वांत जास्त वेळ थांबला.

"नऊच पाठवते," ठमी म्हणाली. "तो धागा वगळून. तिला काय कळणार आहे?"

"सगळे पाठव. माझं उत्तर पण."

"दादा, त्या बाईच्या मनात तुझ्याबद्दल चांगलं आहे. ते काढून घेऊन तिला काय मिळेल?"

"ते माझं नाहीच ते चांगलं. मी ठेवू कसं?"

वहिनी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती म्हणाली, "पाठव गं. नाहीतर हा रोज तेच उगाळेल, आणि दम माझ्यासमोर लागेल." बोलली तशीच, तिखट, पण आत वळताना तिने पदराने डोळे टिपले, आणि वर्षभर खोकला होता हे त्या दिवशी तिनेही ऐकलं होतं, हे त्या दोघांना कळलं.

ठमीने सगळं छापून, तारखा लावून, पाठवलं. सोबत स्वतःचं पत्र लिहिलं: काटकोन माझा भाऊ.

तीन आठवडे गेले. दादा रोज विचारायचा, "आलं काही?" मग एक पाकीट आलं. त्यात वहीच्या कागदावर एकच ओळ होती, खाली सही नाही. 'शेवटच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ते कुठे आहे?'

ठमीने पुन्हा सगळे संग्रह धुंडाळले. नव्हतं म्हणजे नव्हतंच. प्रोग्रॅमने न उचललेलं पान पुढे कुठूनही उगवत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी तिने दोन दिवस त्यात घातले.

"मी देतो," दादा म्हणाला. "तू लिहून घे."

त्या चार ओळींना पाच दुपारी लागल्या. एक वाक्य झालं की त्याला पडून राहावं लागे. मशीनचा आकडा वहिनीने दोनदा वाढवला. दादा खोडायला सांगायचा, परत सांगायचा. शेवटी राहिलं ते असं: 'हो, मलाही व्हायचं. तुम्ही विचारलंत तेव्हा होतंच. मी तेव्हा तुम्हाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. आठवत असतं तर, चांगलं असो वाईट असो, तेच लिहिलं असतं.'

"माफी?" ठमीने विचारलं.

"मागितली तर तिला द्यावी लागेल. तो भार तिच्यावर कशाला?"

पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं नाही. महिना गेला, दुसराही गेला. ठमीने अहवाल पुरा केला. त्यात सदतीस लिंकांचा तक्ता होता आणि तळाशी बारीक अक्षरांत टीप: सदर सल्ला जीवघेणा आहे. मॅडम म्हणाल्या, काम उत्तम झालंय. अहवाल किती जण वाचतात हे ठमीने विचारलं नाही. साधारण माहीत होतं.

दादा आधी रोज विचारायचा, मग एक दिवसाआड. एका रविवारी ठमी गेली तेव्हा तो खुर्चीत झोपलेला होता, मान एका बाजूला, हातात काही नाही. आत्ताशा दुपारभर झोपतो, वहिनीने सांगितलं. डॉक्टर येऊन गेले. बघू म्हणाले.

"काही विचारत होता?"

"नाही. चार दिवस झाले, काही विचारत नाही."

ठमी त्याच्यासमोर बसली. मशीन चालू होतं. छाती वर यायची, खाली जायची, मधे थोडी अडखळायची. ती बराच वेळ ते बघत राहिली आणि मग उठून आत गेली.

"वहिनी, काही काम दे."

वहिनीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मटारची पिशवी पुढे सरकवली. दोघी समोरासमोर बसून शेंगा सोलू लागल्या.